“पाणी येत न्हाई” आणि “जनावरं सोडत न्हाई”: समजूत कुठली, मूल्य कुठलं?

कोल्हापूरच्या पंचगंगेला पूर आला की नदीकाठच्या गावांत घर सोडा म्हणून सांगत फिरणाऱ्यांना दोन तऱ्हेची उत्तरं ऐकावी लागतात. कुणी म्हणतं, “आमच्या दारापतूर पाणी येत न्हाई.” कुणी म्हणतं, “जनावरं सोडून आम्ही येत न्हाई.” दोघंही जागचे हलत नाहीत, म्हणून दोघांनाही एकच उत्तर दिलं जातं: राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत, राजाराम बंधाऱ्यावर पाणी इतक्या फुटांवर गेलंय, रात्रीत आणखी चढणार.

पहिल्याला हे उत्तर बरोबर आहे. दुसऱ्याला ते देण्यात अर्थ नाही, कारण पाणी येणार नाही असं तो म्हणालाच नव्हता. पाणी येणार हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. गोठ्यात दावणीला बांधलेल्या म्हशी बुडायला सोडून आपण होडीत बसायचं, हे त्याला मान्य नाही.

पहिलं वाक्य समजुतीचं आहे, दुसरं मूल्याचं. बोलताना या दोहोंची गल्लत इतकी सहज होते की आपली बहुतेक भांडणं तिथंच अडकतात, असं माझं ठाम मत आहे.

समजूत म्हणजे जग कसं आहे याबद्दलचं आपलं म्हणणं. ते खरं असेल किंवा खोटं, आणि कधी ना कधी ते तपासता येतं. “पाणी येत नाही” हे २००५ चा पूर पाहिलेल्या माणसाचं अनुभवाचं बोलणं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि तो हिशेब मोडला. धोक्याची पातळी ४३ फुटांची, म्हणजे त्याहून १२ फूट वर. मूल्य मात्र जग कसं आहे ते सांगत नाही. काय जपायचं, आणि दोन गोष्टींत ओढाताण झाली तर आधी कुठली, हे मूल्य सांगतं. फुटांचे आकडे त्याला खोटं पाडू शकत नाहीत.

गल्लत होण्याला कारणही आहे. मानवी मूल्यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी मूल्यालाही एका प्रकारची टिकाऊ धारणाच म्हटलं होतं: वागण्याची अमुक रीत किंवा जगण्याचं अमुक ध्येय दुसऱ्यापेक्षा बरं, ही धारणा. दोन्ही एकाच घरातली, म्हणून ओळखायला चुकतात. पण रोकीच यांनी १९७३ मध्ये मांडलेली मोजण्याची पद्धत बघितली की फरक नीट दिसतो. त्यांनी १८ ध्येयांची आणि १८ गुणांची अशा दोन याद्या केल्या आणि लोकांना विचारलं ते एवढंच, की यांचा तुमच्या लेखी क्रम लावा. प्रामाणिकपणा नको, कुटुंबाची सुरक्षितता नको, असं कुणीच म्हणत नाही. माणसं वेगळी होतात ती क्रमात.

म्हणून मूल्यावरून वाद असेल तर पुरावे आणून उपयोग नसतो, क्रम विचारावा लागतो. “जनावरं आधी न्यायची सोय झाली तर याल का?” या प्रश्नाने जे होतं ते विसर्गाचे आकडे दहा वेळा वाचून होत नाही. पूरग्रस्तांच्या छावणीजवळच गुरांना जागा आणि चारा असला की माणसं निघतात, कारण आता त्यांना म्हशीत आणि पोराबाळांत निवड करायची नसते.

समोरचा समजुतीचं बोलतोय की मूल्याचं, हे ओळखायला मी एक प्रश्न वापरते: “हे चुकीचं आहे असं कशाने पटेल तुम्हाला?” समजूत असेल तर माणूस थोडा विचार करून काहीतरी सांगतो. देवळाच्या पायरीला पाणी लागलं तर, पाटलांनी घर सोडलं तर. मूल्य असेल तर प्रश्नच त्याला विचित्र वाटतो.

अडचण तिसऱ्याच ठिकाणी आहे. काही समजुती मूल्यासारख्या वागतात. तपासता येण्यासारख्या असूनही हात लावू देत नाहीत, कारण “मी कोण” याचं माणसाच्या मनातलं चित्र त्यांच्यावर उभं असतं.

कोल्हापुरात याचं उदाहरण शोधायला गंगावेशीच्या दूध कट्ट्यापलीकडे जायला नको. म्हैस डोळ्यांसमोर पिळायची आणि फेसाळलेला पेला तिथंच तोंडाला लावायचा, ही इथल्या पैलवानकीची जुनी रीत. आता एखाद्या घरातले आजोबा धरा. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, खासबागच्या मातीत दोन-चार कुस्त्या मारलेल्या. नातवाला ते निरसं दूध पाजायला निघतात आणि सून म्हणते, “मामा, तापवल्याशिवाय नका हो देऊ. जंतू असतात त्यात.”

सुनेचं म्हणणं बरोबर आहे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार आणि गुरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. उकळल्यावर काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तसंच राहतं. म्हणजे तापवल्याने दुधातली ताकद जाते ही आजोबांची समजूत तपासून बाजूला ठेवता येते. आणि मूल्याचा तर प्रश्नच नाही: पोरगं धट्टंकट्टं व्हावं हे दोघांनाही सारखंच वाटतं.

तरी आजोबा भडकतात. “आम्ही काय मेलो का हे पिऊन?” हे वाक्य नीट ऐकलं पाहिजे. दुधाबद्दल त्यात काही नाही, त्यांच्याबद्दल आहे. सून दुधाविषयी बोलली आणि त्यांना ऐकू आलं की तुम्ही ज्यावर घडलात ते चुकीचं होतं. इथं डॉक्टरांचा व्हिडिओ दाखवला तर ते आणखी घट्ट होतात, कारण व्हिडिओही त्यांच्या पैलवानकीवरच बोट ठेवतो.

मग करायचं काय? क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलेला विचार इथं कामाला येतो. आपण एकूणात भले, धड माणूस आहोत हे चित्र शाबूत ठेवायची माणसाची धडपड असते. ते चित्र एका बाजूने भक्कम असलं, तर दुसऱ्या बाजूने बसलेला धक्का तो सोसू शकतो. कोहेन, अ‍ॅरन्सन आणि स्टील यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फाशीच्या शिक्षेविषयी पक्की मतं असलेल्या लोकांना आधी त्यांना मोलाच्या वाटणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या गोष्टीवर मन लावायला दिलं. मग मताविरुद्धचे पुरावे वाचायला दिले. तसं न केलेल्या लोकांपेक्षा त्यांनी ते पुरावे कमी हटवादीपणे वाचले.

सुनेने, किंवा तिच्यापेक्षा बरं म्हणजे मुलाने, आधी आजोबांचा व्यायाम, त्यांची शिस्त, पहाटे उठवून नातवाला तालमीला नेण्याची हौस याविषयी मनापासून बोलावं. बोलणं खरं असेल तरच. लोणी लावलेलं आजोबांना लगेच कळतं आणि मग उरलेलंही ते ऐकत नाहीत. “नातवाला जोर-बैठका तुम्हीच शिकवायच्या, दूध मात्र उकळून” असं म्हटलं की पैलवान जागेवर राहतो आणि जाते फक्त समजूत.

आपल्या समजुती फक्त आपल्या तोंडून बोलत नाहीत, त्या समोरच्यालाही तसं बोलायला लावतात. स्नायडर, टँके आणि बर्शाइड यांनी १९७७ मध्ये पुरुषांना अनोळखी बायकांशी फोनवर बोलायला लावलं आणि आधी एक फोटो दाखवला, जो त्या बाईचा नव्हताच. जिला सुंदर समजून पुरुष बोलला, ती बाई बोलण्यात जास्त मोकळी, आपुलकीची वाटली. तेही फक्त तिच्या बाजूचं बोलणं ऐकणाऱ्या तिऱ्हाइतांना. पुरात गाव हलवायला गेलेला माणूस “ही माणसं अडाणी, हट्टी” असं मनात धरून गेला, तर त्याचा आवाज तसा लागतो आणि समोरचा हट्टालाच पेटतो. परतताना याला वाटतं, बघा, म्हटलं नव्हतं?

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. समोरच्याचं मूल्य ओळखायचं म्हणजे प्रत्येक मूल्यापुढे मान तुकवायची, असं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये.

अस्पृश्यतेत दोन्ही एकमेकांत मुरलेलं होतं. शिवल्याने विटाळ होतो ही समजूत, आणि कुणी वर, कुणी खाली राहिलंच पाहिजे हे मूल्य. शाहू महाराजांनी या दोहोंना एकाच हत्याराने हात घातला नाही. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. शिवल्याने काही होत नाही हे त्यांनी वाद न घालता सर्वांदेखत पिऊन दाखवलं. समजूत अशी मोडते.

पण उतरंडीचं मूल्य चहाने मोडत नाही. विटाळ खोटा आहे हे मनोमन कळलेला माणूसही आपली जागा सोडत नाही. तिथं महाराज कुणाला पटवत बसले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सगळ्यांच्या शाळेत, सगळ्यांच्या शेजारी बसवली गेली.