ऑपरेशननंतर पुन्हा मूल

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर अनेक मच्छीमार जोडप्यांची मुलं गेली. त्यांतल्या बऱ्याच आयांचं ‘ऑपरेशन’ आधीच झालं होतं. राज्य सरकारनं मग त्यांच्या गर्भनलिका मोफत जोडून द्यायचं ठरवलं. नळ्या बांधा म्हणून वर्षानुवर्षं घरोघर सांगणारंही सरकारच.

देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम 1952 चा. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते बारगळलं. त्या धसक्यानं पुरुष जे मागे सरले ते आजतागायत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. म्हणून आपल्याकडे नस पुन्हा जोडण्याचा प्रश्न मुख्यतः बायकांचा.

नळी जोडता येईल का, हे बांधताना काय केलं यावर ठरतं. क्लिप किंवा रिंग बसवली असेल तर थोडाच भाग निकामी होतो. विजेनं जाळली असेल तर बराच जातो. टोकाची झालरच कापली असेल तर आशा फार कमी. शिबिरात रांगेनं ऑपरेशन झालेल्या बाईला यातलं काय झालं हे कुणी सांगितलेलं असतं? जोडल्यावरही गर्भ नळीतच राहण्याचा धोका असतो, त्यामुळे पाळी चुकली की लगेच तपासणी हवी.

पुरुषांत वर्षं मोजावी लागतात. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, नसबंदीनंतर 3 वर्षांच्या आत नस जोडलेल्यांपैकी 76 टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. 15 किंवा जास्त वर्षांनी जोडलेल्यांत 30 टक्के.

दुसरी वाट टेस्ट ट्यूबची, तिला नळी लागतच नाही. गंमत अशी, की 1978 च्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळामागचे डॉ. पॅट्रिक स्टेप्टो ब्रिटनमध्ये दुर्बिणीतून नसबंदी करणाऱ्या आद्य डॉक्टरांपैकी एक. त्याच दुर्बिणीतून त्यांनी पुढे स्त्रीबीज काढलं. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून असं बाळ 1986 मध्ये जन्मलं. पुरुषाची नस बंद असली तरी आता अंडकोशातून थेट शुक्राणू काढता येतात. 2021 च्या कायद्यानं मात्र या उपचारांना बाईसाठी 50 आणि पुरुषासाठी 55 वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे.