प्रोटीनची पंगत: गॉल्जीमध्ये हलतं कोण, जेवणारा की वाढपी?

माझी भाची आठवीत आहे, तिला पेशीचा धडा आहे आणि वर्गात सांगितलं की गॉल्गी संकुल म्हणजे पेशीचं पोस्ट ऑफिस, प्रोटीन येतं, पॅकिंग होतं, शिक्का बसतो, पत्त्यावर रवाना. मीही शाळेत हेच घोकलंय. पण ही पोरगी म्हणाली, "मावशी, पोस्टात माणसं असतात ना, ती पार्सल या टेबलावरून त्या टेबलावर नेतात, मग इथे कोण नेतं?" झालं. या एका प्रश्नावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडलेत आणि अजूनही सगळं मिटलेलं नाही.

आधी नावाचं सांगून टाकते, आपल्या पुस्तकात गॉल्गी छापतात, पण माणूस इटालियन, त्यांच्याकडे उच्चार गॉल्जी, म्हणून मी गॉल्जीच लिहिते. कामिल्लो गॉल्जीने १८९८ साली पाव्हियामध्ये घुबडाच्या चेतापेशींना चांदीच्या क्षारांनी रंगवलं तेव्हा त्याला आत एक जाळीदार भानगड दिसली. पुढची पन्नासेक वर्षं बऱ्याच जणांचं म्हणणं असं की हा नुसता रंगाचा डाग आहे, खरं तिथे काही नाहीच. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि वाद संपला. दिसायला कसं, तर भाकऱ्यांची चवड रचून ठेवावी तसं. चपट्या पोकळ पिशव्या, साधारण ४ ते ८, एकावर एक.

प्रोटीन तयार होतं आंतर्द्रव्यजालिकेत (जीभ वळत नाही म्हणून सगळे ईआर म्हणतात), तिथून छोट्या छोट्या बुडबुड्यांमधून चवडीच्या एका टोकाला येतं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मधल्या वाटेत त्याच्यावर साखरेचे रेणू चढवले जातात, काही काढलेही जातात, आणि याला क्रम असतो. हे काम करणारी एन्झाइम्स वेगवेगळ्या पिशव्यांमध्ये असतात, सुरुवातीची अलीकडे, शेवटची पलीकडे.

तर प्रश्न एवढाच, की प्रोटीन एका पिशवीतून दुसरीत जातं कसं?

बरीच वर्षं मान्य असलेलं उत्तर म्हणजे बुफे. पिशव्या जागच्या जागी, प्रत्येक पिशवी म्हणजे एक काउंटर, आणि प्रोटीन बुडबुड्यात बसून एका काउंटरवरून पुढच्यावर जातं, ताट हातात घेऊन आपण फिरतो तसं. याला भक्कम आधार मिळाला तो जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगांमुळे, १९८० च्या आसपास, स्टॅनफर्डमध्ये. त्यांनी काय केलं, हॅमस्टरच्या अशा पेशी घेतल्या ज्यांच्यात एक ठरावीक साखर चढवणारं एन्झाइमच नव्हतं, त्यांच्यात गुरांना होणाऱ्या एका आजाराचा व्हायरस सोडला, म्हणजे त्या व्हायरसचं प्रोटीन त्या गॉल्जीत आलं पण साखरेविना अडकलं. मग पेशी फोडून हे गॉल्जी धडधाकट पेशींच्या गॉल्जीबरोबर टेस्टट्यूबमध्ये एकत्र केले, आणि बघतात तर काय, व्हायरसच्या प्रोटीनवर ती साखर चढलेली! निष्कर्ष सरळ दिसत होता की प्रोटीन बुडबुड्यात बसून या गॉल्जीतून त्या गॉल्जीत गेलं. हे बुडबुडे सुटतात कसे, नेमके कुठे जाऊन चिकटतात, यावरच्या कामासाठी रॉथमनना २०१३ चं नोबेल मिळालं, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहॉफ यांच्याबरोबर, आणि ते काम आजही पक्कंच आहे.

पण एक काटा कायम सलत होता. कोलॅजन.

कोलॅजन म्हणजे आपल्या कातडीत, हाडात, स्नायूबंधात भरलेलं प्रोटीन. ते गॉल्जीत येतं तेव्हा कडक दांड्यासारखं असतं, लांबी ३०० नॅनोमीटर. आणि गॉल्जीतले बुडबुडे किती, तर ५०-६० नॅनोमीटरचे. बुडबुडा सीझनच्या बॉलएवढा धरला तर कोलॅजन होतं हातभर लाटण्याएवढं. आता लाटणं बॉलमध्ये घालून दाखवा. काही शेवाळांमध्ये तर याहून मोठी गोष्ट दिसते, त्या पेशी अंगावर लावायचे खवले गॉल्जीतच बनवतात, ते खवले पिशवीत आरामात पसरलेले दिसतात पण बुडबुड्यात कधीच नाहीत. १९९८ मध्ये इटलीतल्याच एका गटाने कोलॅजनचा पाठलाग करून दाखवलं की ते चवडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं पण पिशवी सोडून बाहेर येतच नाही.

मग? मग बुफे नाही, पंगत.

पंगतीत जेवणारा बसलेला असतो, फिरतात ते वाढपी. आधी मीठ-लिंबू, चटणी-कोशिंबीर, मग वरणभात, त्यावर तूप, असं क्रमाने येत राहतं आणि ताट हळूहळू भरतं. गॉल्जीतही तसंच, पिशवीच मुळात नवी तयार होते, प्रोटीन तिच्यात बसलेलं, आणि ती पिशवी पुढे पुढे सरकत 'मोठी' होत जाते. आणि बुडबुडे काय करतात? ते वाढप्यांना, म्हणजे साखर चढवणाऱ्या एन्झाइम्सना, मागे नेतात. या पंगतीचं वरण वाढून झालं की वरणवाला बुडबुड्यात बसून मागच्या, नुकत्या बसलेल्या पंगतीकडे. शेवटी पिशवी फुटून तिची पार्सलं होतात आणि पंगत उठते. मागे नवी बसलेलीच असते.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की रॉथमन यांचा तोच प्रयोग आता उलटा वाचता येतो. ताटात जिलबी दिसली, एवढंच काय ते माहीत. ताट जिलबीकडे गेलं की जिलबी ताटाकडे आली हे ताट बघून कळत नाही ना! धडधाकट गॉल्जीतून एन्झाइम बुडबुड्यात बसून आलं असेल तरी रिझल्ट तोच, आकडा तोच. आकड्यात चूक काहीच नव्हती, अर्थ मात्र दोन निघत होते आणि आधी एकच दिसला होता.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय लोक मानणार नव्हते, ते २००६ मध्ये झालं. शिकागोमध्ये बेंजामिन ग्लिक आणि जपानमध्ये अकिहिको नाकानो, दोघांच्या गटांचे पेपर 'नेचर'च्या एकाच अंकात. दोघांनी यीस्ट घेतलं, पाव फुगवायला घालतो तेच, कारण त्याच्या गॉल्जीच्या पिशव्या चवडीत नसतात, पेशीभर सुट्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे एकेका पिशवीवर नजर ठेवता येते. सुरुवातीच्या पिशव्यांमध्ये असणाऱ्या एका प्रोटीनला हिरवा रंग, शेवटच्या पिशव्यांमधल्याला लाल. बुफे खरा असता तर हिरवी पिशवी कायम हिरवी राहिली असती. इथे काही मिनिटांत तीच पिशवी हिरव्याची लाल झाली. यीस्टच्या गॉल्जीवर आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्येही (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) काम झालंय, हे बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं.

आता वाढपीच आला नाही तर काय होतं याचं उदाहरण तर मुंबईच्याच नावाचं आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप. आपल्या लाल पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की तिला एच म्हणतात. ए गटाचं एन्झाइम त्यावर एक साखर चढवतं, बी गटाचं दुसरी, ओ गटवाल्यांकडे हे एन्झाइम बिघडलेलं म्हणून नुसतं एच राहतं. हे सगळं गॉल्जीत, तेही पेशी बोनमॅरोमध्ये लहान असतानाच होतं, कारण तयार लाल पेशीत गॉल्जी उरलेलाच नसतो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले ज्यांच्या पेशींवर एचसुद्धा नव्हतं. त्यांचा फ्यूकोजवाला वाढपीच कामातून गेलेला. ए किंवा बी वाले वाढपी काही जणांत हजर असतात पण ते एचवरच वाढतात, भातच आला नाही तर तूप कशावर घालणार? अशा माणसाचं रक्त साध्या टेस्टमध्ये ओ दिसतं, पण त्याला ओ चं रक्त चढवलं तर त्याचं शरीर त्यातल्या एचवर तुटून पडतं, जिवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे ग्रुपचंच रक्त लागतं.

आता पंगतही पूर्ण बसत नाही हेही सांगायला पाहिजे. पंगत खरी असेल तर आत्ता बसलेला माणूस सगळं वाढून झाल्यावरच उठणार, म्हणजे थोडा वेळ कोणीच बाहेर येणार नाही आणि मग एकदम सगळे. २००८ मध्ये जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाने मोजलं तर तसं नव्हतं, गॉल्जीतलं प्रोटीन पहिल्या मिनिटापासूनच बाहेर पडत होतं, आधी जास्त मग कमी कमी. म्हणजे काही मंडळी कोशिंबीर खाऊनच उठतात की काय? काहींच्या मते पिशव्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि छोटी प्रोटीन्स त्यातून पुढे सटकतात, लाटण्यासारखं कोलॅजन मात्र मांडी ठोकून बसतं. भाचीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग परीक्षेत काय लिहू?" मी म्हटलं पोस्ट ऑफिसच लिही बाई, दोन मार्कांचा प्रश्न आहे.