रिसीव्हरचे वॅट स्पीकरपेक्षा कमीच हवेत?

‘स्पीकर १०० वॅटचा असेल तर रिसीव्हर (स्पीकरला शक्ती पुरवणारे यंत्र) त्याहून कमी वॅटचा घ्या, नाहीतर स्पीकर जळेल’ हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. १०० वॅट ही स्पीकरची सोसण्याची मर्यादा; रिसीव्हर आवाज जेवढा वाढवाल तेवढीच शक्ती देतो.

८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. आवाज १० डेसिबलने वाढवायला शक्ती दसपट लागते. म्हणजे ९८ ला १० वॅट पुरतात, पण सिनेमातल्या स्फोटाच्या १०८ ला थेट १००! तिथे ४० वॅटचा रिसीव्हर दमतो. लहरींचे माथे सपाट कापले जातात, आवाज फाटतो, आणि तसाच चालू ठेवला तर ट्वीटरची (उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) केसासारखी बारीक कॉइल तापून जळते. आवाज फाटला की लगेच कमी करा, रिसीव्हर लहान असो वा मोठा.

खोक्यावरचा आकडाही तपासा. ‘६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड), एक चॅनल (एकाच स्पीकरला शक्ती)’ हा फुगवलेला. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल’ हाच धरा. पीएमपीओ या क्षणिक कमाल शक्तीच्या फुगवलेल्या आकड्याकडे बघूच नका. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरच्या मागे ‘किमान ४ ओहम’ छापलेले हवे. सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा, रिसीव्हरचा बराच भार उतरतो.