पित्तामुळे डोकं की डोक्यामुळे पित्त?

गेल्या श्रावणातली संकष्टी. ताई सकाळी नाशकातल्या रविवार कारंज्यावर चांदीच्या गणपतीला जाऊन आली, दिवसभर कडक उपास, चहासुद्धा नाही, आणि दुपारी चारच्या सुमारास तिचं डोकं ठणकायला लागलं. उजव्या डोळ्याच्या मागे, नाडीच्या ठोक्याबरोबर. पडदे ओढून घेतले, कपाळाला ओढणी आवळून बांधली, तेवढ्यात स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी पडली आणि त्या नुसत्या वासाने तिला मळमळायला लागलं. काकू म्हणाली, "पित्त झालंय गं, कोमट पाण्यात मीठ टाकून पी आणि उलटी काढून टाक." काढली. मग झोप लागली, चंद्रोदयाला उठली तेव्हा डोकं बरंच उतरलेलं. काकू म्हणाली, बघ, पित्तच होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हे "पित्तच होतं" मी लहानपणापासून ऐकतेय, शाळेतल्या मुली सांगतात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायका सांगतात. लक्षणं सगळी खरी असतात, फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. पोटाने डोकं दुखवलेलं नसतं, डोक्यात जे सुरू झालं त्याने पोटाला ओढलेलं असतं. ताईला होतं ते मायग्रेन, आपली अर्धशिशी. मायग्रेन हा शब्दसुद्धा "अर्धं डोकं" अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय आणि आयुर्वेदात त्याला अर्धावभेदक म्हणतात, म्हणजे कुठेही जा, लोकांचं लक्ष त्या अर्ध्या डोक्यानेच वेधलेलं दिसतं. (पण अनेकांचं दोन्ही बाजूंना दुखतं, तेही मायग्रेनच.) जगात साधारण दर सात माणसांमागे एकाला हा त्रास असतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट.

आता गंमत अशी की मेंदूला स्वतःला दुखतच नाही. त्याच्यात वेदना ओळखणारे तंतू नाहीत, म्हणून तर माणूस जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूचं ऑपरेशन करता येतं. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या, आणि तिथली खबर वाहून नेते ट्रायजेमिनल नावाची चेता, म्हणजे नर्व्ह, कवटीतून निघणाऱ्या बारा जोड्यांमधली पाचवी. तिच्या तीन फांद्या, कपाळ-डोळा, गाल आणि जबडा, म्हणून दुखणं डोळ्यामागे किंवा कपाळावर जाणवतं. मायग्रेनमध्ये या चेतेची टोकं नुसती खबर देत नाहीत, ती उलट्या दिशेने स्वतःच रसायनं सोडतात, आणि त्यातलं मुख्य म्हणजे सीजीआरपी, पूर्ण नाव कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड, ३७ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. ती रक्तवाहिन्या फुगवते आणि वेदनेची वाट आणखी संवेदनशील करते, मग एरवी जाणवतही नाही असा नाडीचा ठोका हातोड्यासारखा लागतो. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवलं की अटॅक चालू असताना मानेच्या शिरेतून रक्त घेतलं तर त्यात सीजीआरपी वाढलेलं असतं, पण त्याच माणसाच्या हाताच्या शिरेत नाही! म्हणजे रसायन डोक्याकडेच सुटतंय, पोटाकडून वर येत नाहीये. पुढे मायग्रेनवाल्या लोकांच्या शिरेत सीजीआरपी सोडून बघितलं तर अनेकांना अटॅक आला. मग हे रसायन अडवणारी अँटिबॉडी औषधं तयार झाली, पहिलं २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०२१ चा ब्रेन प्राइझ या कामासाठी या दोघांसकट चार जणांना मिळाला.

आणि ही चेता जिथे जाऊन पोचते ती जागा तर फारच महत्त्वाची आहे. मेंदूच्या देठात, खाली मणक्याकडे उतरणाऱ्या भागात ट्रायजेमिनलचे तंतू आणि मानेच्या वरच्या चेतांचे तंतू एकाच पेशींवर येऊन मिळतात. पंचवटीत शिरलेला टेम्पो पेठ रोडने आला की दिंडोरी रोडने हे आत उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, तसं मेंदूला कळत नाही की खबर डोक्याच्या आवरणातून आली की मानेतून. म्हणून मायग्रेनमध्ये मान धरते, आणि लोक मानेला पट्टा लावून बसतात. याच पेशींची जोडणी पुढे दोन ठिकाणी जाते. एक फाटा नाका-डोळ्यांच्या ग्रंथींकडे, त्यामुळे डोळ्यातून पाणी, नाक चोंदणं. दुसरा फाटा मळमळ-उलटीच्या केंद्रांकडे आणि तिथून व्हेगस चेतेमार्गे जठराकडे, आणि जठर चक्क मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही. आंबट पाणी तोंडाशी येतं ते यातून. म्हणूनच अटॅक रंगात आल्यावर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि "मला गोळी लागूच पडत नाही" असं वाटतं, म्हणूनच डॉक्टर गोळी सुरुवातीलाच घ्या म्हणतात आणि बरोबर मळमळीचं औषध देतात. आणि मीठ-पाण्याने मुद्दाम उलटी काढली तर घेतलेली गोळीही बाहेर.

"पण मिसळ खाल्ली की माझं डोकं दुखतंच!" हेही नाशकात हमखास ऐकायला मिळतं. यावर एक सुंदर प्रयोग आहे. जर्मनीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायग्रेन असलेल्या एकाच व्यक्तीचा मेंदू रोज, सलग ३० दिवस स्कॅन केला. त्या काळात तीन अटॅक आले आणि प्रत्येक वेळी दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमस वेगळा वागायला लागलेला दिसला. हायपोथॅलॅमस म्हणजे भूक, तहान, झोप, हार्मोन यांचं नियंत्रण करणारा भाग. त्यामुळे अटॅकच्या आधी काही तास, कधी दोन दिवस, सारख्या जांभया येतात, चिडचिड होते, लघवीला जास्त जावं लागतं आणि काहीतरी तिखट, गोड, चमचमीत खावंसं वाटतं. आता बघा, अटॅक आतून सुरू झालेलाच आहे, त्यामुळे मिसळीची तलफ आली, गंगापूर रोडला जाऊन तर्री मारके खाल्ली, चार तासांनी डोकं धरलं, आणि आळ मिसळीवर. काही लोकांना ठरावीक खाण्याने खरंच त्रास होतो, ते नाकारत नाही मी, पण पथ्याची यादी करण्याआधी त्या दिवशी सकाळपासून जांभया येत होत्या का एवढं आठवून बघा. उपाशी राहणं, झोप बिघडणं आणि रोजचा चहा अचानक तोडणं ही कारणं मात्र पक्की, संकष्टीला कमीत कमी दोन जमून येतात.

चुकीचं नातं लावण्यात पित्त एकटं नाही. "सायनसचं डोकं" घ्या. २००४ मध्ये अमेरिकेत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या २९९१ लोकांची तपासणी झाली, त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या गटातली निघाली. बीपीचंही तसंच, थोडंफार वाढलेलं बीपी डोकं दुखवत नाही, ते गपचूप असतं आणि म्हणूनच धोक्याचं. ते खूपच वर, १८० च्या पुढे वगैरे गेलं तर गोष्ट वेगळी. उलट वेदना होत असताना बीपी मोजलं तर ते वेदनेमुळेच वाढलेलं दिसतं.

अर्धशिशी मंत्राने उतरवणारे आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायला सांगणारे आपल्याकडे अजून आहेत, आणि "मायग्रेन मुळापासून बरा" अशा जाहिराती करणारेही. मला याचा मनापासून राग येतो. मायग्रेनचा अटॅक ४ ते ७२ तासांचा असतो, तो आपोआप ओसरतोच, त्यामुळे तो ओसरायच्या सुमाराला जे काही केलं त्याला श्रेय मिळतं, मग तो मंत्र असो, जिलबी असो किंवा मिठाचं पाणी. आणि बाई वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जात नाही.

मग खरी नाती कुठली? सगळ्यात महत्त्वाचं पक्षाघाताशी. काही जणांना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात, मध्ये आंधळा ठिपका असतो आणि तो वीस-तीस मिनिटांत पसरत जातो, याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला तीनेक मिलिमीटर वेगाने सरकणारी ती एक विद्युत लाट असते. ऑरा असणाऱ्यांमध्ये रक्तपुरवठा अडून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. तरुण वयात मुळात तो धोका खूप कमी, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण त्यात सिगारेट आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी यांची भर पडली तर तो बराच वाढतो, म्हणून ऑरा असणाऱ्या बाईने ती गोळी घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गोळी सुरू करताना हे स्वतःहून डॉक्टरला सांगा. दुसरं नातं नैराश्य आणि चिंतेशी, दोन्ही दिशांनी, एक असलं की दुसरं होण्याची शक्यता वाढते. फिट येणं, दमा, झोपेचे विकार यांच्याशीही संबंध आढळलाय. आणि डॉक्टरने मायग्रेनसाठी फिटची, बीपीची किंवा नैराश्याची म्हणून ओळखली जाणारी गोळी दिली तर ती चुकून दिलेली नसते. तिसरं, दुकानातून आणलेली वेदनाशामकं. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच रोजची डोकेदुखी तयार करते.

आणि एका क्षणात भडका उडाल्यासारखं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर डोकं दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, हातपाय-बोलणं लुळं पडलं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखायला लागलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर मायग्रेन समजून घरी थांबू नका.

ताईने त्यानंतर भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करायला सुरुवात केली, दुखलं त्या दिवशी लाल, गोळी घेतली तर निळी, पाळीला हिरवी, आणि माझ्या आग्रहाने जांभयांचा एक बारीक ठिपका. तीन महिन्यांत अकरा लाल खुणा झाल्या. त्यातल्या सात पाळीच्या दोन दिवस मागे-पुढे, कारण त्या वेळी इस्ट्रोजेन झपकन खाली येतं, आणि दोन संकष्टीला. डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि पोटाची एकही तपासणी सांगितली नाही. परवाच्या संकष्टीला दुपारी दोन वाजता ताईने खजूर आणि कपभर दूध घेतलं, काकूनेच आणून दिलं.