जुनी लेन्स, मिररलेस बॉडी: साधा अडॅप्टर घ्यावा की फोकल रिड्यूसर?

दोन्ही काळ्या धातूच्या कड्या. एका तोंडाला जुन्या लेन्सचा माउंट (लेन्स बसवायची खाच), दुसऱ्या तोंडाला मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्याचा. विकणारे दोन्हींना ‘अडॅप्टर’च म्हणतात आणि जाहिरातीतल्या फोटोत त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. फरक दिसतो तो आरपार पाहिल्यावर. साध्या अडॅप्टरमधून बोट सरळ पलीकडे निघतं. फोकल रिड्यूसरमध्ये ते काचेला अडतं. (आणि काचेवर ठसा उमटतो, तेव्हा हा प्रयोग डोळ्यांनीच केलेला बरा.) मेटाबोन्स या कंपनीने २०१३ साली ‘स्पीड बूस्टर’ या नावाने असा रिड्यूसर बाजारात आणला आणि तेव्हापासून कोणत्याही कंपनीच्या रिड्यूसरला लोक सर्रास स्पीड बूस्टर म्हणू लागले.

आधी साध्या अडॅप्टरचं काम पाहू, कारण ते दोन वाक्यांत संपतं. एसएलआर (आरशाच्या) कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची. म्हणून एम४२ स्क्रू माउंट फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असे, निकॉन एफ ४६.५ वर, ऑलिंपस ओएम ४६ वर. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारात १९.२५, सोनी ईमध्ये १८ आणि फुजी एक्समध्ये १७.७ मिलिमीटर इतकं कमी झालं. उरलेली जागा भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे साधा अडॅप्टर. एम४२ लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर लावायची तर ती जेमतेम २६ मिलिमीटर लांब असते आणि तिच्यातून जाताना प्रकाशाला काहीही होत नाही.

काहीही होत नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं. ‘५० ची लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर १०० ची होते’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की अडॅप्टरच लेन्स बदलतो असं वाटायला लागतं. लेन्स ५० मिलिमीटर फोकल लेंग्थचीच राहते आणि एफ १.४ (अपर्चरचा आकडा, जितका लहान तितका प्रकाश जास्त) सुद्धा एफ १.४ च राहतो. ती लेन्स ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रतिमा टाकण्यासाठी बनवलेली आहे आणि आताही तेवढंच मोठं वर्तुळ टाकते. सेन्सर लहान असल्यामुळे तो त्यातला मधला तुकडा तेवढा उचलतो. एपीएस-सी सेन्सर (फिल्मपेक्षा लहान, पण मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा मोठा) त्या चौकटीचा सुमारे ४२ टक्के भाग घेतो, मायक्रो फोर थर्ड्स तर जेमतेम पाव. बाकीचा प्रकाश सेन्सरच्या आजूबाजूला आणि नळीच्या आतल्या भिंतींवर पडून वाया जातो. तो नुसता वाया गेला तर ठीक. स्वस्त अडॅप्टरची आतली बाजू चकचकीत असेल तर तिथून परावर्तित होऊन तो फोटोवर फिकट धुकं पसरवतो. ‘जुन्या लेन्सचा काँट्रास्ट कमीच असतो’ म्हणून लेन्सला दिलेला दोष पुष्कळदा या नळीचा असतो. आतून काळा मखमली कागद चिकटवला की बराच फरक पडतो.

आता रिड्यूसर. यात नळीच्या कॅमेऱ्याकडच्या तोंडाशी भिंगांचा एक छोटा गट असतो. आडवं भिंग धरून ऊन लहान ठिपक्यावर गोळा करावं, तसा हा गट लेन्सने टाकलेलं मोठं वर्तुळ आक्रसून लहान करतो. बहुतेक रिड्यूसर ०.७१ पटीचे असतात. ५० मिलिमीटरची लेन्स त्यामुळे खरोखरच सुमारे ३५.५ मिलिमीटरची होते, आणि इथे मात्र ‘होते’ हा शब्द बरोबर आहे. ०.७१ चा वर्ग साधारण अर्धा. म्हणजे तोच प्रकाश निम्म्या क्षेत्रफळात मावतो, प्रतिमा दुप्पट उजळ होते आणि एका स्टॉपचा (म्हणजे दुप्पट प्रकाशाचा) फायदा मिळतो. लेन्सच्या कडीवर १.४ लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्यापर्यंत एफ १.० पोचतो, २.८ वर ठेवलं तर २.०, ५.६ वर ठेवलं तर ४.० समजायचं. अंतर जवळ आणावं लागत असल्यामुळे त्याची नळीही साध्या अडॅप्टरपेक्षा थोडी आखूड असते. आरपार पाहायची सोय नसेल तर ही खूण उपयोगी पडते.

‘एफ १.० फुकटात’ म्हणून हरखून जायचं मात्र कारण नाही. रिड्यूसर नवा प्रकाश तयार करत नाही, साध्या अडॅप्टरमध्ये बाहेर सांडणारा प्रकाश आत घेतो. हिशेब करून पाहा: एपीएस-सीवर ५० एफ १.४ ला रिड्यूसर लावला तर फ्रेमचा कोन आणि पार्श्वभूमी धूसर होण्याचं प्रमाण, दोन्ही जवळजवळ तितकंच येतं जितकं तीच लेन्स फिल्मवर देत होती. लेन्सचं जे होतं ते परत मिळतं. मायक्रो फोर थर्ड्सवर अर्धंमुर्धं मिळतं, कारण तिथला २ चा क्रॉप फॅक्टर (फिल्मच्या मानाने फ्रेम किती पट आवळते, तो आकडा) १.४२ वर येतो.

जुन्या लेन्समागे लोक ज्यासाठी लागतात, ते बऱ्याचदा चित्राच्या कडांना असतं. हेलिओस ४४ घ्या, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर येणारी ५८ मिलिमीटर एफ २ ची सोव्हिएत लेन्स, जिची रचना झाइसच्या बायोटारवरून घेतलेली आहे. तिची ख्याती आहे ती पार्श्वभूमीतल्या पानांच्या गरगरणाऱ्या भोवऱ्यासाठी. हा भोवरा मध्यभागी नसतोच. प्रकाशाचे गोल ठिपके कडांकडे जाता जाता लंबगोल होत जातात आणि सगळे मध्याभोवती वळून उभे राहतात, म्हणून चित्र फिरल्यासारखं वाटतं. साध्या अडॅप्टरने ही लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर लावली की सेन्सर नेमका मधला पाव भाग घेतो आणि भोवरा बाहेर राहतो. मग ‘माझ्या हेलिओसमध्ये दोष आहे का?’ असं विचारणारे भेटतात. लेन्स धडधाकट असते. रिड्यूसर लावला की कडा आत येतात आणि भोवराही येतो: एपीएस-सीवर जवळपास पुरता, मायक्रो फोर थर्ड्सवर काहीसा.

काचेबद्दल एक जुनी अढी आहे, तिचा निकाल लावायला हवा. डीएसएलआरच्या (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या) काळात ‘काचेचा अडॅप्टर घेऊ नका’ हा सल्ला रास्त होता. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स ४२ मिलिमीटरसाठी बनलेल्या आणि नव्या ईएफ माउंटचं अंतर ४४. लेन्स हवी त्यापेक्षा दूर बसणार, म्हणजे अनंतावर, खूप दूरच्या गोष्टींवर, फोकस होणार नाही. तो व्हावा म्हणून मध्ये काच घालावी लागे, आणि ती काच उलट काम करायची: प्रतिमा मोठी करायची, प्रकाश कमी करायची. कॅननचा स्वतःचा एफडी-ईओएस कन्व्हर्टर १.२६ पटीचा होता. बाकीच्यांच्या स्वस्त काचा त्याहून वाईट. रिड्यूसरमधली काच प्रतिमेबरोबर लेन्सचे दोषही आक्रसून टाकते, त्यामुळे मध्यभाग पुष्कळदा साध्या अडॅप्टरपेक्षा जास्त टोकदार येतो. दोन्हींना एकाच तराजूत तोलणं चुकीचं आहे.

तरी काच ती काच. स्वस्त रिड्यूसरमध्ये दोन तक्रारी नेहमीच्या असतात. पहिली, कोपरे विरघळल्यासारखे दिसतात. दुसरी, अपर्चर एफ ११ किंवा १६ पर्यंत मिटून उजेडाकडे रोखलं की चित्राच्या मधोमध निळसर डाग उमटतो. सेन्सरवरची चमक मागच्या काचेवर आपटून परत आलेली असते. शिवाय ज्या लेन्सची मागची काच माउंटच्या बरीच बाहेर येते, तिचं अनंताकडे फिरवताना रिड्यूसरच्या काचेशी भांडण होऊ शकतं. लेन्स पहिल्यांदा लावताना फोकसची कडी हलक्या हाताने फिरवा आणि अडखळली तर तिथेच थांबा. साध्या अडॅप्टरला यातलं काहीच नाही. तो जरा आखूड कातलेला असला तर अनंत कडीच्या टोकाआधीच येतं, एवढंच.

काही वेळा निवड आपल्या हातात नसतेच. लायका एमसारख्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) लेन्स २७.८ मिलिमीटरसाठी बनलेल्या. सोनीच्या १८ मधून उरतात ९.८. तेवढ्यात भिंगांचा गट मावत नाही, तेव्हा साधाच अडॅप्टर. फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवरही तेच, कारण लेन्सचं ४३ मिलिमीटरचं वर्तुळ आक्रसून ३१ च्या आत आलं की कोपरे काळे पडणार.

उरतात एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्सवाले. माझं मत विचाराल तर १०० मिलिमीटरच्या वरच्या लेन्सला रिड्यूसर लावायची गरज नाही. १३५ ची लेन्स साध्या अडॅप्टरवर मायक्रो फोर थर्ड्समध्ये २७० मिलिमीटरच्या लेन्सइतका कोन देते, हातात मावणारी टेलिफोटो, आणि मध्यभागाशिवाय काही वापरलंच जात नाही. २८ आणि ३५ च्या लेन्सचं उलट: साध्या अडॅप्टरवर २८ च्या लेन्सचा कोन ५६ च्या लेन्सइतका होतो आणि वाइड लेन्स घेण्यालाच अर्थ उरत नाही. तिथे, आणि ज्या लेन्सचं वैशिष्ट्य कडांना आहे तिथे, चांगल्या रिड्यूसरवर खर्च करावा. एकच रिड्यूसर घ्यायचा तर ज्या माउंटच्या तुमच्याकडे सर्वांत जास्त लेन्स आहेत त्याचाच घ्या.

दोन्हींपैकी काहीही लावलं तरी मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याची सेटिंग सुरू करावी लागते. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. तिथे क्रॉपचा गुणाकार अजिबात करायचा नाही. ५८ च्या हेलिओसला साधा अडॅप्टर असेल तर ५८ भरा, ११६ नव्हे, ०.७१ चा रिड्यूसर असेल तर ४१. नेमका आकडा यादीत नसेल तर जवळचा चालतो.