पट, लॉगइन आणि अनुदान: अमेरिकेतील ऑनलाइन शालेय शिक्षणाच्या कायद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही, त्यामुळे सार्वजनिक शाळांची जबाबदारी राज्यांकडे आहे. शाळा प्रत्यक्षात चालवतात ते स्थानिक शालेय जिल्हे, म्हणजे खास शाळांसाठी असलेल्या स्थानिक संस्था, आणि त्यांचा पैसा मुख्यतः मालमत्ता करातून व राज्याच्या अनुदानातून येतो. हे अनुदान विद्यार्थ्यांचा पट, हजेरी आणि वर्गात घालवलेला वेळ यांवर मोजण्याची पद्धत जुनी आहे. हायस्कूलच्या एका विषयासाठी सुमारे १२० तास हे कार्नेगी एकक १९०६ पासून रूढ झाले. मूल वर्गाबाहेर, स्वतःच्या वेळेनुसार शिकू लागले की हा हिशेब कोलमडतो. म्हणूनच गेल्या तीन दशकांतील राज्यांच्या कायद्यांमध्ये तंत्रज्ञानाविषयी फारसे काही सापडत नाही. ते वाद घालतात एका प्रश्नावर: राज्याने पैसे नेमके कशाचे द्यायचे, नाव नोंदवल्याचे, उपस्थित राहिल्याचे की शिकल्याचे?

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर फ्लोरिडाने दिले, असे माझे मत आहे. १९९७ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाच्या २ लाख डॉलरच्या अनुदानावर ऑरेंज आणि अलाचुआ या दोन शालेय जिल्ह्यांनी मिळून एक ऑनलाइन हायस्कूल सुरू केले. हेच पुढे फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल झाले. २००० मध्ये विधिमंडळाने त्याला स्वतंत्र शैक्षणिक संस्थेचा दर्जा दिला. सुरुवातीची काही वर्षे अर्थसंकल्पातील स्वतंत्र तरतुदीवर काढल्यानंतर, २००३ मध्ये ही शाळा राज्याच्या सर्वसाधारण अनुदान सूत्रात आली, पण एका कठोर अटीवर: विद्यार्थ्याने विषय यशस्वीपणे पूर्ण केला तरच पैसे मिळतील. मध्येच सोडून गेलेल्या किंवा नापास झालेल्या विद्यार्थ्यासाठी झालेला खर्च शाळेने सोसायचा. या अटीचा परिणाम शिक्षकांच्या रोजच्या कामावर झाला. विद्यार्थी आणि पालक यांच्याशी नियमितपणे फोनवर बोलणे, मागे पडणाऱ्याला वेळीच गाठणे हे तेथे कामाचा भाग बनले, कारण प्रत्येक गळतीची किंमत शाळेच्या हिशेबात दिसत होती. या पद्धतीला धोका नाही असे नाही, कारण उत्तीर्ण करण्यातच पैसा असेल तर मूल्यमापन सैल होण्याचा मोह राहतो. परंतु मुलाकडे दुर्लक्ष करून कमाई करण्याची वाट तिने बंद केली.

इतर काही राज्यांनी मधला मार्ग घेतला. न्यू हॅम्पशायरच्या व्हर्च्युअल लर्निंग अकॅडमीला विद्यार्थ्याने जितके काम पूर्ण केले त्या प्रमाणात निधी मिळतो. युटाने २०११ च्या कायद्याने विद्यार्थ्याला दुसरीकडचा ऑनलाइन विषय निवडण्याचा हक्क दिला आणि शुल्काचा निम्मा भाग विषय पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवला. मिशिगनने २००६ मध्येच हायस्कूल पूर्ण करण्यासाठी ऑनलाइन शिकण्याचा अनुभव आवश्यक ठरवला होता.

ही सारी उदाहरणे एखाद-दुसरा विषय ऑनलाइन घेण्याची आहेत. संपूर्ण शाळाच घरी बसून करायची, अशा पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांची (म्हणजे सनद घेऊन सार्वजनिक पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांची) कथा वेगळी आणि बरीच क्लेशदायक आहे. पेनसिल्व्हेनियाचा चार्टर शाळांचा कायदा १९९७ चा, आणि त्यात ऑनलाइन शाळेचा विचारच नव्हता. २००० च्या सुमारास अशा शाळा निघाल्या आणि राज्यभरातील जिल्ह्यांना अनोळखी गावाहून बिले येऊ लागली. आपला विद्यार्थी तिकडे गेला म्हणून पैसे का द्यायचे, असे विचारत अनेक जिल्ह्यांनी पैसे अडवले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. २००२ मध्ये विधिमंडळाने सनद देण्याचा अधिकार राज्याच्या शिक्षण विभागाकडे घेतला, मात्र पैसे देण्याचा भार जिल्ह्यांवरच ठेवला. दरही प्रत्येक जिल्ह्याच्या स्वतःच्या दरडोई खर्चावर बेतलेला राहिला. परिणामी एकच ऑनलाइन शाळा, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम असूनही श्रीमंत जिल्ह्याकडून आकारली जाणारी रक्कम गरीब जिल्ह्यापेक्षा कितीतरी अधिक. ऑनलाइन शिकवण्यास खरा खर्च किती येतो, हा प्रश्न त्या सूत्राने कधी विचारलाच नाही.

विस्कॉन्सिनमध्ये पेच आणखी मुळाशी गेला. डिसेंबर २००७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने एका ऑनलाइन शाळेविरुद्ध निकाल दिला. त्यात एक मुद्दा असा होता की घरी मुलाला प्रत्यक्ष शिकवण्याचे बरेचसे काम पालक करतात आणि त्यांच्याकडे शिक्षकाचा परवाना नाही. शाळा बंद पडण्याची वेळ आली. २००८ मध्ये विधिमंडळाने तडजोडीचा कायदा केला: शिकवण्याची जबाबदारी परवानाधारक शिक्षकाचीच राहील हे स्पष्ट केले, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून अशा शाळांत येणाऱ्या विद्यार्थ्यांवर ५,२५० ची मर्यादा घातली, जी पुढे उठवण्यात आली.

सर्वांत मोठी किंमत ओहायोने मोजली. २००० मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही शाळा काही वर्षांत देशातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन शाळांपैकी एक झाली, आणि तिच्या व्यवस्थापनाचे व सॉफ्टवेअरचे काम संस्थापकाशी संबंधित कंपन्यांकडेच होते. कायद्याला वर्षाला ९२० तासांचे शिक्षण अपेक्षित होते. शाळेचे म्हणणे असे की तेवढ्या तासांची संधी उपलब्ध करून दिली की अट पूर्ण झाली. विद्यार्थी प्रत्यक्ष किती वेळ शिकला हे पाहण्याचा राज्याच्या शिक्षण विभागाला अधिकार नाही, असाही तिचा दावा होता. २०१६ मध्ये शिक्षण विभागाने लॉगइनच्या नोंदी मागवल्या. शाळेने सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले होते, आणि नोंदींनी सिद्ध होत होते सुमारे ६,३००. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये झालेली पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना कागदावरचा पट आणि प्रत्यक्ष मूल यांतील हे अंतर ओळखीचे वाटेल. जून २०१७ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने सुमारे ६ कोटी डॉलर परत करण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षाच्या वसुलीसह हा आकडा सुमारे ८ कोटींवर गेला. जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यावर, शाळा बंद झाली. सुमारे १२,००० मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली, आणि त्यांतील अनेक मुले अशी होती की जी आधीच नेहमीच्या शाळेतून बाहेर पडली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष सहभाग तपासण्याचा विभागाचा अधिकार ४ विरुद्ध २ मतांनी मान्य केला. हा निकाल योग्यच होता. पण कायद्यातील एक शब्दप्रयोग अठरा वर्षे संदिग्ध ठेवल्याची भरपाई मुलांना कोणी दिली नाही.

याच काळात ऑनलाइन शिक्षण सर्वांवर बंधनकारक करण्याचेही प्रयत्न झाले. फ्लोरिडाने २०११ मध्ये किमान एक ऑनलाइन विषय हायस्कूल पूर्ण करण्याची अट म्हणून घातली, आणि २०२३ मध्ये ती काढून टाकली. आयडाहोमध्ये शिक्षण अधीक्षक टॉम लूना यांच्या पुढाकाराने झालेले २०११ चे कायदे, ज्यांत प्रत्येक हायस्कूल विद्यार्थ्याला लॅपटॉप देण्याची तरतूद होती, नोव्हेंबर २०१२ च्या सार्वमतात मतदारांनी रद्द केले.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षणविषयक संशोधन केंद्राने २०१५ मध्ये पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील विद्यार्थी नेहमीच्या शाळांतील समकक्ष विद्यार्थ्यांपेक्षा वर्षभरात गणितात १८० दिवसांच्या आणि वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतके मागे पडत होते. १८० दिवस म्हणजे अमेरिकेतील जवळजवळ संपूर्ण शालेय वर्ष. इतक्या स्पष्ट निष्कर्षानंतरही बहुतेक राज्यांत पूर्णवेळ शाळांचे सूत्र पटावरच चालू राहिले. उलट, ज्या फ्लोरिडाने पूर्ण झालेल्या विषयाचे पैसे देण्याचा पायंडा पाडला, तेथे २०१३ मध्ये विधिमंडळाने एका विद्यार्थ्यामागचे अनुदान त्याचा जिल्हा आणि व्हर्च्युअल स्कूल यांच्यात विभागून दिले. त्यामुळे जिल्ह्यांचा उत्साह ओसरला, प्रवेश घटले आणि शाळेला कर्मचारी कमी करावे लागले.

२०२० च्या महासाथीने सर्वच शाळा काही काळ ऑनलाइन नेल्या आणि हजेरीचे नियम राज्यांना तात्पुरते शिथिल करावे लागले. पेनसिल्व्हेनियात त्यानंतर पूर्णवेळ ऑनलाइन शाळांचे प्रवेश झपाट्याने वाढले, आणि दराचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. २०२४ मध्ये राज्यपाल जॉश शापिरो यांनी राज्यभर प्रति विद्यार्थी ८,००० डॉलरचा एकच दर सुचवला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो मंजूर झाला नाही. जिल्ह्यांच्या वाढत्या बिलांची अंशतः भरपाई म्हणून १० कोटी डॉलर तेवढे देण्यात आले.