पॅच आणि गिट अप्लाय: एआयनं दिलेला डिफ कशानं लावायचा?

एआयकडून आपण कोडमधला बदल मागतो आणि तो अधिक-उण्याच्या खुणा असलेला डिफ देतो. तो फाइलीत साठवून रेपोत, म्हणजे गिटनं सांभाळलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरात, लावायचा, तर टर्मिनलवर दोन आज्ञा हाताशी असतात: पॅच आणि गिट अप्लाय. दोन्ही तोच मजकूर वाचतात, दोन्ही फाइली बदलतात, आणि डिफ बिनचूक असेल तर निकालही तोच लागतो. म्हणून बरेच जण सवयीनं कुठलीही एक वापरतात. फरक पडतो तो डिफमध्ये चूक असताना, आणि एआयच्या डिफमध्ये चूक असणं ही रोजची गोष्ट आहे.

पॅच हे लॅरी वॉलनं १९८५ साली लिहिलेलं साधन. तेव्हा बदल न्यूजग्रुप आणि ईमेलमधून फिरायचे. पाठवणाऱ्याची प्रत आणि आपली प्रत थोडी वेगळी असणारच, हे त्यात गृहीत होतं, म्हणून पॅच जमेल तेवढं सांभाळून घेतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं २००५ साली, आणि त्याचं अप्लाय या बाबतीत फार कडक आहे.

हे सांभाळून घेणं नेमकं कसं चालतं ते पाहू. डिफच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे हंकमध्ये, बदलाच्या वर आणि खाली साधारण तीन-तीन न बदललेल्या ओळी असतात. बदल कुठे बसवायचा ते या संदर्भाच्या ओळींवरून ठरतं. त्या जुळल्या नाहीत तर पॅच वरच्या आणि खालच्या टोकाची एकेक ओळ सोडून पाहतो, तरीही नाही जमलं तर दोन-दोन सोडतो. याला फझ म्हणतात आणि मुळात त्याची मर्यादा दोनची आहे. म्हणजे शेवटी वर एक आणि खाली एक ओळ जुळली तरी पॅच बदल लावून मोकळा होतो.

हे माझ्या अंगाशी आलेलं आहे. एका फाइलीत नोंद दाखवणं, बदलणं, काढून टाकणं अशी सारख्या घडणीची चार फंक्शनं होती. काढून टाकण्याच्या फंक्शनमध्ये परवानगीची तपासणी घालायला मी एआयला सांगितलं, पण त्याच्यासमोर फाइलीची जुनी प्रत होती. डिफमध्ये फक्त चार नव्या ओळी होत्या. फझनंतर उरल्या संदर्भाच्या दोन: वर वापरकर्ता शोधणारी ओळ, खाली एक रिकामी ओळ. ही जोडी चारही फंक्शनांत होती. पॅचनं तपासणी 'दाखवणं'मध्ये नेऊन बसवली आणि हंक फझ २ सह यशस्वी झाल्याचं कळवलं. मी 'यशस्वी' एवढंच वाचलं. काढून टाकण्याचं फंक्शन दोन दिवस उघडं राहिलं.

गिट अप्लायनं तो डिफ नाकारला असता, कारण ते मुळात संदर्भाच्या सगळ्या ओळी जुळल्याच पाहिजेत म्हणतं. ओळ क्रमांक मात्र ते सैल धरतं: संदर्भ जसाच्या तसा पन्नास ओळी खाली सापडला तर तिथे लावतं. शिवाय व्हर्बोज, म्हणजे सविस्तर सांगण्याचा, पर्याय दिल्याशिवाय ही सरक कळवतही नाही. म्हणून तो पर्याय मी कायम देतो.

एआय डिफ लिहितो तेव्हा त्यात दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्यांचं वजन सारखं नसतं. पहिली मोजणीची. हंकच्या डोक्यावर @@ -१२०,६ +१२०,९ @@ अशी ओळ असते: जुन्या ६ ओळी, नव्या ९. मॉडेल मजकूर बरोबर लिहितं आणि हे आकडे चुकवतं. खाली नव्या ओळी आठच असल्या की गिट अप्लाय पॅच खराब असल्याचं सांगून थांबतं. ही चूक निरुपद्रवी आहे. त्यासाठी गिट अप्लायला रीकाउंट हा पर्याय आहे. तो दिला की डोक्यावरचे आकडे बाजूला ठेवून ते ओळी स्वतः मोजतं. पॅचकडे असं काही नाही.

दुसरी चूक संदर्भाची. मॉडेलनं तुमच्या फाइलीत नसलेली ओळ संदर्भ म्हणून लिहिली, तर त्याचा अर्थ ते वेगळ्याच फाइलीवर काम करत होतं. इथे सूट देणं धोक्याचं, आणि पॅच नेमकी इथेच सूट देतो. मोजणीत ढिलाई करावी, संदर्भात करू नये. टॅब आणि स्पेसची अदलाबदल एवढाच अपवाद मी करतो. त्यासाठी दोन्हींकडे पर्याय आहेत, पण पायथनसारख्या भाषेत तोही जपून.

अर्धवट लागण्याचा प्रश्नही आहेच. पाच हंकपैकी एक फसला तर पॅच चार लावतो, पाचवा नाकारलेल्या तुकड्यांच्या रेज (.rej) फाइलीत टाकतो आणि मूळ प्रत ओरिग (.orig) नावानं शेजारी ठेवतो. नंतर घाईत सगळं एकदम स्टेज केलं, म्हणजे नोंदीसाठी निवडलं, की या फाइली कमिटमध्ये, म्हणजे गिटच्या कायमच्या नोंदीत, जातात. गिट अप्लाय एक हंक फसला तरी एकाही फाइलीला हात लावत नाही.

कित्येक जण मग गिट अप्लायच्या थ्री-वे पर्यायाकडे वळतात; तो फाइलीची मूळ प्रत, आपली प्रत आणि डिफमधला बदल यांचा मेळ घालतो. एआयच्या डिफला त्याचा उपयोग क्वचितच होतो. थ्री-वेला डिफच्या इंडेक्स ओळीतल्या हॅशवरून, म्हणजे मजकुराच्या ओळखचिन्हावरून, फाइलीची मूळ प्रत रेपोत शोधावी लागते, आणि मॉडेलनं तो हॅश बहुधा मनानंच लिहिलेला असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी गिट अप्लाय चेकसह चालवायचं, त्यात फाइली बदलत नाहीत. मोजणीची तक्रार आली तर रीकाउंट जोडायचं. संदर्भाची तक्रार आली तर डिफ टाकून द्यायचा, फाइलीचा आजचा मजकूर मॉडेलला द्यायचा आणि नवा डिफ मागायचा. लागला की गिट डिफ उघडून नव्या ओळी कोणत्या फंक्शनमध्ये बसल्या ते डोळ्यांनी पाहायचं. हे सगळं रेपोच्या मुळाशी उभं राहूनच करायचं: उपफोल्डरमधून चालवलं तर गिट अप्लाय त्या फोल्डरबाहेरच्या फाइलींचे बदल गुपचूप वगळतं, आणि कसलीच तक्रार न करता संपतं.